साहविऱ्यासाठी खुर्ची

तापेरा गंभीर बोलायला लागला की लोक आधीच हसायला लागायचे. यात त्याचा दोष निम्माच होता. चेहरा देवानेच तसा दिलेला, एक भुवई कायम वर आणि दुसरी खाली, त्यामुळे साधं "आज ऊन आहे" म्हटलं तरी समोरच्याला वाटायचं, यात काहीतरी गोम आहे. उरलेला निम्मा दोष धंद्याचा. मस्विंगो शहरापलीकडे दगडी टेकड्यांच्या मधोमध मोठं धरण आहे, तिथे तो बोट चालवायचा. बोट लॉजवाल्याची, तोंड तापेराचं.

सुट्टी आली की राजधानी हरारेहून गाड्या भरभरून माणसं येत. काठावरच्या झाडांखाली चटया पसरत, जाळीवर मांस भाजत, गाणी लावत, आणि उन्हं जरा कलली की बोटीसाठी रांग लावत. पाणी बघायला यायची, टेकड्या बघायला यायची, पलीकडच्या राखीव रानातले जिराफ बघायला यायची. पण परत जाताना बोलायची ती तापेराबद्दल. पाणघोड्याने जबडा वासला की हा सांगे, "माझे सासरे. मुलीबदल्यात द्यायच्या राहिलेल्या गाईंची आठवण करून देतायत." मेलेल्या माशाच्या पोटात लव्हाळ्याची काडी खुपसून तो मासा पाण्यावर तरंगत ठेवी आणि शीळ घाली. कड्यावरून मत्स्यगरुड सुटायचा, पाण्याला पाय लावून मासा उचलायचा. बायका किंचाळत, पोरं टाळ्या पिटत, आणि तापेरा कपाळाला हात लावून म्हणे, "मेव्हणा. हाक मारायची खोटी, जेवायला हजर."

हे झालं पोटापाण्याचं. पण तापेराची खरी ओळख पोटापाण्याची नव्हती. तो जोसायाच्या घराचा साहविरा होता.

साहविरा म्हणजे नुसता दोस्त नव्हे. दोस्ती माणसं करतात, हे नातं घरं करतात, आणि ते पोराबाळांना वारशात मिळतं. कुणाच्या पणजोबांनी कुणाच्या पणजोबांना पाठीवर घेऊन पुरातून नदी पार केली होती, यावर दोन्ही घरं आजही भांडत. दोघांच्याही मते वाचवणारा आपला होता. साहविरा घरात शिरताना नमस्कार-चमत्कार करत नाही. तो थेट चुलीपाशी जातो, पातेल्यावरचं झाकण उचलतो आणि सगळ्यात मोठा तुकडा तोंडात टाकतो. घरातल्या म्हातारीला चोर म्हणतो, कर्त्या पुरुषाला आळशी गाढव म्हणतो, आणि त्याच्यावर कुणी रागवायचं नसतं. रागवताच येत नाही, तो हक्कच कुणाला नाही. आणि त्या घरात कुणी मेलं की साहविऱ्याने मेलेल्याचे कपडे घालून, त्याच्यासारखं चालून, त्याच्यासारखं बोलून रडणाऱ्यांना हसवायचं. त्याशिवाय गेलेला माणूस नीट पोहोचला असं कुणाला वाटत नाही.

जोसायाच्या आईला सगळा गाव आम्बुया म्हणे, म्हणजे आजी. तिने तापेराला नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "आला माझा पातेलेचोर," ती म्हणायची. "सूनबाई, झाकणं दाबून धर." परक्या माणसाला मानाने बोलवायचं तर आमच्याकडे त्याच्या कुळाच्या नावाने हाक मारतात. तापेराचं कूळ सिंहाचं, शुंबा. पण त्या अंगणात त्याला शुंबा म्हणायची पाळी कधी आली नव्हती.

जोसाया गवंडी. कपाटासारखा रुंद, हातांवर सिमेंटचे पांढरे चरे. त्याचं कूळ झिवा, म्हणजे डोह. झिवाची माणसं पाण्याची लेकरं, म्हणून मासा खात नाहीत. आणि हा पाण्याचा लेक पाण्याला असा भ्यायचा की धरणाच्या भिंतीवरून चालतानासुद्धा मधोमध चालायचा. तापेराला एवढं कोलीत पुरेसं होतं. "आईला भेटायला जातो म्हणतोस, नि दारातूनच पळून येतोस," तो लग्नात म्हणे, बारशात म्हणे, बियर पिताना तर म्हणेच. जोसायाही काही कमी नव्हता. "तू सिंह ना रे? मग शेळी बघून झाडावर कोण चढलं होतं?" लहानपणी तापेराच्या मागे एक शेळी लागली होती. त्या शेळीचं नाव दोन्ही घरांत अजून निघत असे.

ऑगस्टच्या सुट्टीत जोसायाची मुलगी विंबाई बोर्डिंगातून घरी आली. तिच्या वर्गातल्या शहरी मुलींनी या धरणातले पाणघोडे पाहिले होते, जिराफ पाहिले होते, आणि धरणापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या हिने मात्र काही पाहिलं नव्हतं. ती बापामागे लागली. जोसायाने दोनदा कामाचं निमित्त सांगितलं. मग बायको, विंबाईची आई म्हणून सगळ्यांची माई विंबाई, म्हणाली, "भिंतीसुद्धा सुट्टीच्या दिवशी पडून राहतात. चला." आणि तो निघाला. इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली.

बोटीत हरारेची मंडळी बसलेली होती. प्रत्येकाने नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं होतं. लॉजचा नियमच होता. जोसायाने एक उचललं आणि छातीवर ओढलं. बंद पुरेनात. तो श्वास रोखून ओढत होता, आणि तेवढ्यात इंजिनाजवळून तापेराची हाळी आली.

"थांबा मंडळी, हे बघून घ्या! हा झिवा कुळाचा. पाणी याची सख्खी आई. आणि आईच्या घरी जाताना गडी चिलखत घालून निघालाय!"

बोट हसली. माई विंबाई हसली. सगळ्यात मोठ्याने विंबाई हसली, कारण बापाची ही खोड तिला पाळण्यापासून ठाऊक होती. जोसायाही हसला. जॅकेट काढून त्याने बाकाखाली सरकवलं आणि म्हणाला, "ठेव, तुझ्या शेळीला होईल." त्यावर आणखी हशा.

तेव्हा तापेराला म्हणता आलं असतं, की गंमत पुरे, घाल ते. नियम त्याला ठाऊक होता. पण मिळालेलं हसू परत करणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्याने दोरी सोडली.

आणि खरं सांगायचं तर दुपार फार सुंदर गेली. जिराफ पाण्यावर आले, पाय फाकवून, माना वाकवून प्यायले. पाणघोड्यांनी कान फडफडवले. टेकड्यांची तांबडी सावली पाण्यात पडली होती आणि बोट तिच्यावरून जात होती. गरुड आला, मासा घेऊन गेला. जोसाया सुरुवातीला बाकाची कड धरून बसला होता. हळूहळू त्याचे हात सुटले. त्याने पाण्यात बोटं बुडवली, ओली बोटं कपाळाला लावली. मग तापेराकडे वळून म्हणाला, "हे एवढं सगळं इथे होतं नि तू मला आजवर आणलं नाहीस, कुत्र्या?"

तापेराने तांबड्या सावलीवरून बोट आणखी एकदा फिरवली.

परतताना वारा सुटला. ऑगस्टचा वारा दोन टेकड्यांच्या खिंडीतून येतो तेव्हा सांगून येत नाही. पाणी काळं झालं, लाटा आडव्या यायला लागल्या. तापेराने इंजिन हळू केलं आणि ओरडला, "खाली बसा सगळे. कड सोडू नका. जोसाया, ते जॅकेट घाल!"

हरारेचा एक माणूस फिस्सकन हसला. त्याला वाटलं, विनोदाचा दुसरा भाग आला. त्याचं हसू बघून बाकीचे हसले. जोसायाने मान हलवली. "एकदा हसवलंस तेवढं पुरे," तो म्हणाला. "त्याच माशावर दोनदा गरुड बोलवू नको."

"अरे, खरंच घाल!"

पण तापेराची एक भुवई वर होती. ती नेहमीच वर असायची.

लाट आली, बोट एका अंगावर गेली आणि सावरली. सगळे एकमेकांवर पडून उठले. जोसायाची जागा रिकामी होती. तो मागे पाण्यात होता, टोपी डोक्यावर तशीच, तोंड उघडं, हात वर. क्षणभर ते दृश्य हुबेहूब त्या विनोदासारखं दिसलं, झिवा आईच्या घरी पोहोचला होता, आणि विंबाई खुदकन हसली. एकच क्षण. मग तिने जी किंकाळी फोडली ती काठावरच्या लोकांनी गाण्यांच्या वरून ऐकली.

तापेराने बोट वळवली, इंजिन बंद पडलं, त्याने उडी घेतली. तो पोहोचला तेव्हा टोपी हाताला लागली.

आम्बुया संध्याकाळच्या आत काठावर आली. ती रडली नाही आणि कुणाला रडू दिलं नाही. आमच्याकडे मानतात, डोहात राहणाऱ्या पाण्यातल्या बाया ज्याला नेतात, त्याच्यासाठी रडायचं नसतं. कुणी रडलं तर त्या नेलेल्या माणसाला मारून टाकतात. कुणी रडलं नाही तर कधीतरी परत सोडतात, शहाणा करून. आणि झिवाच्या लेकाला त्या मारतील कशाला, असं तिचं म्हणणं होतं. "तो आईकडेच गेलाय," ती म्हणाली. हे शब्द ऐकून तापेरा पाण्याकडे तोंड करून बसला.

घरची माणसं लव्हाळ्यांजवळ बसून राहिली. कोळ्यांच्या होड्या फिरत होत्या. पलीकडच्या झाडांखाली सुट्टी चालूच होती. मांस भाजल्याचा वास येई, चेंडू घरंगळत आम्बुयाच्या पायाशी येई, आणि ती तो परत ढकलून देई. दुसऱ्या दिवशी माई विंबाईचा ओठ थरथरायला लागला. आम्बुयाने ते पाहिलं आणि तापेराला हाक मारली.

"पातेलेचोरा, बसलास काय दगडासारखा? हसव हिला. इथे एक थेंब पडता कामा नये."

आणि तापेराने हसवलं. शेळीची गोष्ट सांगितली. बाजूने बाया गेल्या की जोसाया भिंत तिरकी बांधतो ही गोष्ट सांगितली. त्या पाण्यातल्या बायांची आता काय कंबख्ती आली असेल ते सांगितलं, की हा घोरतो इतका की त्या स्वतःच होडीत घालून पाठवून देतील. माणसं हसली. आम्बुया पदराने डोळे पुसत हसली. आपण हे करतोय याची तापेराला किळस आली, आणि थांबलो तर ती रडतील याची भीती.

कोळ्यांना जोसाया लव्हाळ्यात सापडला. तेव्हा रडायला मोकळीक झाली, आणि आम्बुया इतकी रडली की तिला धरायला चार बायका लागल्या.

घरी आणल्यावर माई विंबाईने तापेराला गोठ्यामागे गाठलं. तिचा आवाज बसला होता.

"साहविरा, एक ऐक. उद्या त्याचं चालणं कर, बोलणं कर, विटा लावणं कर. पण पाण्याचं काही करू नको. म्हातारीला वारा माहीत आहे. वाराच राहू दे."

"मी बोललो नसतो तर त्याने ते अंगात घातलं असतं."

"मीही हसले. बोट हसली." तिने इकडे तिकडे पाहिलं. "आणि पोर हसली, तो पडल्यावर. ती जेवत नाही, बोलत नाही. तू हे अंगणात काढलंस तर तिचं हसणंही निघेल. तिला जन्मभर ते गळ्यात घेऊन फिरवायचंय का तुला?"

तापेराने मान खाली घातली. तिचं बरोबर होतं. पण एक गोष्ट तिला माहीत नव्हती, किंवा माहीत असून ती विसरत होती. साहविऱ्याने मेलेल्याचा सगळा माणूस उभा करायचा असतो. त्याने शेवटचा भाग गाळला, तर तो उरलेलं आयुष्य त्या चुलीपाशी जाऊन झाकण उचलणार, म्हातारी त्याला लाडाने चोर म्हणणार, आणि प्रत्येक वेळी तो खरंच चोर असणार. सांगितलं, तर कदाचित ते झाकण पुन्हा उचलायला मिळणार नाही. त्या घराशिवाय तापेराला दुसरं घर नव्हतं म्हटलं तरी चालेल; बायको केव्हाच गेली होती, पोरं दक्षिणेत खाणींवर.

सकाळी पुरायच्या आधी अंगण भरलं. तापेरा जोसायाचा कामाचा डगला घालून, त्याची टोपी घालून घरामागून आला, आणि येतानाच लोक हसून फुटले. तोच पोक, तीच फताडी पावलं. त्याने हवेत विटा रचल्या, एक डोळा मिटून भिंत बघितली, बरोबर तिरकी. कुणीतरी किंचाळलं, "अरे, उठला की हा!" तो चुलीपाशी जाऊन आम्बुयाला म्हणाला, "आई, त्या पातेलेचोराला वाढू नको, माझं ताट पुसून खातो." म्हातारी पोट धरून हसली. विंबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हसली नाही.

मग तापेरा अंगणाच्या मधोमध पालथ्या घातलेल्या उखळावर बसला. बोट झाली. त्याने दोन्ही हातांनी छातीवर काहीतरी ओढलं, श्वास रोखला, बंद पुरेनात. माई विंबाईने तोंडावर हात धरला.

तापेरा उठला, चार पावलं मागे गेला, टोपी काढली. आता तो तापेरा होता. इंजिनाच्या जागेवरून त्याने हाळी दिली, अगदी तशीच, एक शब्द न बदलता. झिवा कुळाचा. पाणी सख्खी आई. चिलखत.

आणि अंगण हसलं.

बोट हसली होती तसंच, सगळं अंगण, मागच्या रांगेतले म्हातारे, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे. आम्बुयाही हसली. विंबाईने चौकटीपासून डोकं उचललं आणि हसणाऱ्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, शेवटी आजीच्या. तापेराने पुन्हा टोपी घातली, जॅकेट काढून उखळाखाली सरकवलं, शेळीला होईल म्हणाला. पुन्हा हशा. मग त्याने दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, आणि तसाच हळूहळू गुडघ्यांवर खाली गेला. बोटीतल्या कुणाचं काही त्याने केलं नाही. बोटीत जणू तो आणि जोसाया दोघेच होते.

मागचे लोक हसतच होते. पुढे आम्बुया थांबली होती.

"जॅकेट कुठे होतं?" तिने विचारलं.

"बाकाखाली, आई," तापेरा जोसायाच्या आवाजात म्हणाला.

"आणि हे तू बोललास."

त्याने टोपी काढली. "मी बोललो, आम्बुया."

म्हातारीच्या गालांवर मघाच्या हसण्याचं पाणी अजून होतं. "मीसुद्धा हसले," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चला. ऊन वाढेल."

पुरणं झालं. तापेराने साहविऱ्याचं सगळं काम केलं. खड्ड्यात उतरून चटई नीट केली, माती ओढली, दगड रचले. जोसायाने रचले असते त्यापेक्षा सरळ रचले गेले, आणि ते बघून त्याला पहिल्यांदा रडू आलं.

हात धुऊन माणसं जेवायला बसली. गाय कापली होती. सादझाची, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीची, मोठी मोठी पातेली, मांसाची पातेली चुलीवर होती. तापेरा सवयीने स्वयंपाकाच्या खोपीत शिरला. सवयीने, का बघायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धुरात आम्बुया भिंतीला टेकून बसली होती. त्याचा हात झाकणाकडे गेला आणि तो थांबला, ती नेहमीचं बोलेल म्हणून.

आम्बुयाने वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. साहविऱ्यावर रागवता येत नाही, हे तिलाही कुणी शिकवायची गरज नव्हती.

"शुंबा," ती म्हणाली, "धुरात कशाला आलात? सूनबाई, शुंबांना बाहेर सावलीत खुर्ची दे. पाहुणे आहेत. सकाळपासून दमलेत."

माई विंबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती उठली.

खुर्ची आंब्याखाली ठेवली गेली, एकटीच, पुरुषांच्या घोळक्यापासून थोडी दूर, मानाची. तापेरा बसला. विंबाई गुडघ्यांवर बसून त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली. तिने मान वर केली, आणि बाप पडल्या दिवसापासून पहिल्यांदा बोलली.

"तुम्ही माझं हसणं केलं नाहीत."

"कसलं हसणं?" तापेरा म्हणाला. "इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, पोरी."

तिने ताट पुढे केलं, झाकलेलं. झाकण तिनेच उचललं. आत सादझाच्या शेजारी मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा होता, आम्बुयाने स्वतःच्या हाताने काढलेला. खोपीच्या दारातून ती बघत होती, पाहुण्याला काही कमी पडतंय का ते. तापेराने तो तुकडा उचलला आणि चावून चावून सगळा खाल्ला. परक्याच्या घरी ताटात टाकायचं नसतं.